कामराज हरले तेव्हा...

निवडणुकीचा निकाल लागला की परदेशातल्या आपल्या मराठी ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडतो. एखाद्या राज्यात वर्षानुवर्षं सत्तेत असलेला पक्ष सपशेल आडवा झाला असेल, तर मग विचारूच नका. कोणी मतदाराला कृतघ्न म्हणतो, कोणी फुकट वाटपाला दोष देतो, कोणी म्हणतो लोकांना आता राजकारणाचाच वीट आलाय. आपण पडलो आखातातले. पासपोर्ट भारतीय, मतदार यादीत नावही घालता येतं, पण प्रत्यक्ष मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून गावच्या मतदान केंद्रावर जावं लागतं. त्यामुळे मत देणारे थोडे आणि मतं मांडणारे फार, अशी आपली गत आहे.

या चर्चा वाचताना मला हटकून एका माणसाची आठवण होते. ते आपल्या महाराष्ट्रातले नव्हेत, तमिळनाडूचे. के. कामराज.

मी राहतो त्या भागात तमिळ मंडळी पुष्कळ. ऑफिसात, इमारतीत, भाजीच्या दुकानात. राजकारणावरून त्यांच्यातही आपल्यासारखेच वाद होतात. पण कामराज हे नाव निघालं की द्रमुकवाला असो की अण्णा द्रमुकवाला, सगळे एका सुरात बोलू लागतात. शाळा त्यांनी दिल्या, शाळेत जेवण त्यांनी दिलं, धरणं त्यांनी बांधली, आणि गेले तेव्हा जवळ काही नव्हतं. मग साहजिकच प्रश्न पडतो. माणूस इतका मोठा होता, तर १९६७ साली याच लोकांच्या आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी त्याला त्याच्या स्वतःच्या गावात का पाडलं? आणि त्याच्या पक्षाला असं घरी का बसवलं, की पुढे पन्नास वर्षं उलटून गेली तरी त्या राज्यात काँग्रेसचा मुख्यमंत्री झाला नाही?

याचं उत्तर त्यांच्या आयुष्यातच सापडतं. म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ चा. गाव विरुदुपट्टी, आजचं विरुधुनगर. मदुराईच्या दक्षिणेला असलेलं हे बाजारपेठेचं गाव. घराणं नाडार समाजाचं. या समाजातले बरेच लोक ताडाच्या झाडावर चढून ताडी काढायचे, आणि एके काळी त्यांना देवळात पाऊलही टाकू देत नसत. पण विरुदुपट्टीतल्या नाडार व्यापाऱ्यांनी एक काम केलं होतं. रोज भात शिजवताना प्रत्येक घरानं मूठभर तांदूळ बाजूला काढायचा, तो गोळा करायचा आणि त्यातून शाळा चालवायची. मुठीमुठीनं धान्य जमवून शिक्षणाची सोय केल्याच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत, त्यामुळे मराठी माणसाला हे नवीन वाटणार नाही. या मूठभर तांदळाच्या शाळेत कामराज शिकले.

फार शिकले नाहीत. वडील नारळाचे व्यापारी होते. मुलगा सहा वर्षांचा असेल-नसेल तेव्हा ते वारले. आई शिवकामी अम्माळ यांनी अंगावरचे दागिने एका व्यापाऱ्याकडे ठेवले आणि त्याच्या व्याजावर घर चालवलं. अकरा-बारा वर्षांच्या वयात मुलाची शाळा सुटली आणि तो मामाच्या कापडाच्या दुकानात लागला. दुकानात त्याचं लक्ष लागेना. गावात सभा असली की तो गल्ल्यावरून उठून जायचा. जालियनवाला बागेनंतर तो काँग्रेसकडे ओढला गेला आणि १९२० च्या सुमाराला पूर्ण वेळ कार्यकर्ता झाला. घरच्यांनी त्याला सुधारण्यासाठी त्रावणकोरात दुसऱ्या मामाकडे पाठवलं, तर तिथे त्यानं वायकोमच्या सत्याग्रहात भाग घेतला. मग घरच्यांनी नाद सोडला. लग्न त्यांनी केलं नाही ते नाहीच.

१९३० साली वेदारण्यमच्या मिठाच्या सत्याग्रहात ते पहिल्यांदा तुरुंगात गेले. स्वातंत्र्य मिळेपर्यंतची सगळी वर्षं धरली, तर आठ-नऊ वर्षं त्यांची तुरुंगातच गेली. तिथेच त्यांनी वाचन केलं, कामापुरती इंग्रजी शिकून घेतली. एस. सत्यमूर्ती हे त्यांचे राजकारणातले गुरू. १९३६ साली सत्यमूर्ती प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी कामराज यांना चिटणीस केलं. १९४० साली कामराज स्वतः अध्यक्ष झाले आणि पुढे चौदा वर्षं तमिळनाडूतली काँग्रेस त्यांच्याच हातात राहिली. या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. ते तुरुंगात असताना विरुधुनगरच्या नगरपालिकेनं त्यांना अध्यक्ष निवडलं. सुटून आल्यावर ते नगरपालिकेत गेले आणि राजीनामा देऊन परत आले. ज्या कामाला पुरेसा वेळ देता येणार नाही, ती खुर्ची अडवून ठेवणं त्यांना पटत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध आहे.

१९५२ नंतर मद्रासचे मुख्यमंत्री होते राजाजी. मोठे विद्वान, मोठे प्रशासक. पण १९५३ साली त्यांनी प्राथमिक शिक्षणाची एक नवी पद्धत आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात हात घालायचा. कागदावर ठीक वाटत असेल, पण ताडी काढणाऱ्याच्या, चांभाराच्या, कुंभाराच्या घरात याचा अर्थ सरळ होता. बापाचंच काम पोरानं करायचं. राज्यभर संताप उसळला. पक्षातूनही विरोध झाला. १९५४ साली राजाजींना जावं लागलं आणि १३ एप्रिलला कामराज मुख्यमंत्री झाले. नेतेपदासाठी त्यांच्याविरुद्ध सी. सुब्रमण्यम उभे होते. कामराज यांनी त्यांनाच मंत्रिमंडळात घेतलं. राजाजींची योजना लगेच रद्द झाली.

पुढची साडेनऊ वर्षं म्हणजे तमिळ माणसाच्या आठवणीतला सोन्याचा काळ. बंद पडलेल्या हजारो शाळा उघडल्या, हजारो नव्या काढल्या. मुलाला पायी जाता येईल इतक्या अंतरावर शाळा पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. शाळा आली तरी गरिबाचं पोर येईना, कारण पोटाला काय घालणार? गुरं राखणाऱ्या एका मुलानं वाटेत भेटलेल्या मुख्यमंत्र्यांना हाच उलटा प्रश्न विचारला, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असेल किंवा नसेल. पण १९५६ पासून शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं, हे खरं. सुरुवात एट्टयपुरमला झाली, कवी सुब्रमण्य भारतींच्या जन्मगावी. खर्चाचा काही भाग सरकार द्यायचं, काही गावकरी. पुढे गणवेश आले, फी माफ झाली. तमिळ लोक त्यांना कर्मवीर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की भाऊराव पाटील डोळ्यांसमोर येतात. दोन्हीकडे ही पदवी गरिबाच्या पोराला शाळेत बसवणाऱ्यालाच मिळावी, याची मला गंमत वाटते.

शिक्षणाच्या जोडीला धरणं आणि कारखाने आले. वैगई, मणिमुत्तारू, सात्तनूर, अमरावती ही धरणं त्याच काळातली. नेयवेलीचा लिग्नाइट कोळसा, पेरांबूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना, तिरुचिरापल्लीचा बॉयलर कारखाना, गिंडी आणि अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहती, १९५९ साली आयआयटी. काही केंद्राचं, काही राज्याचं. पण जागा, पाणी, वीज वेळेवर देऊन हे प्रकल्प राज्यात ओढून आणायची हातोटी कामराज आणि त्यांचे उद्योगमंत्री आर. वेंकटरामन यांची. हे वेंकटरामन पुढे राष्ट्रपती झाले.

राहणी आधी होती तशीच. पांढरा सदरा, धोतर. बोलणं तुटक. कोणी काम घेऊन आलं तर बघू या म्हणायचे. आश्वासन देत नसत आणि नाहीही म्हणत नसत. आई विरुधुनगरच्या जुन्याच घरात राहायची, तिला महिन्याला ठरलेली रक्कम जायची. मुख्यमंत्र्यांची आई म्हणून नगरपालिकेनं तिच्या घरात नळ दिला, तर कामराज यांनी तो काढायला लावला, ही गोष्ट तिकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. गावाला जो नळ आहे तोच आईला.

आता निवडणुकांकडे या. १९५७ साली विधानसभेच्या २०५ पैकी १५१ जागा काँग्रेसच्या. १९६२ साली २०६ पैकी १३९. वरवर पाहता सगळं उत्तम. पण अण्णादुराई यांचा द्रमुक १९५७ मध्ये १५ जागांवर होता, तो १९६२ मध्ये ५० वर गेला. यातली मेख बघण्यासारखी आहे. १९६२ साली कामराज यांनी द्रमुकच्या निवडून आलेल्या आमदारांना एकेक करून पाडायचा चंग बांधला आणि जवळपास सगळ्यांना पाडलंही. खुद्द अण्णादुराई कांचीपुरमला हरले. त्यातून वाचले एकटे करुणानिधी. म्हणजे ओळखीची डोकी पडली, पण अनोळखी पन्नास उभी राहिली. पुढाऱ्यांना पाडता आलं, त्यांच्यामागे लोक का जाताहेत हे मात्र नीट तपासलं गेलं नाही. काँग्रेसला त्या दिवशी विजय दिसला. इशारा होता तो आकड्यातच होता.

दिल्लीतही वारं बदलत होतं. १९६२ च्या चीन युद्धानं नेहरूंच्या सरकारची रया गेली. १९६३ साली अमरोहा, फरुखाबाद आणि राजकोट या तीन लोकसभा पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी निवडून आले. तिघेही काँग्रेसचे कडवे विरोधक. लोक पक्षावर नाराज आहेत हे कामराज यांनी ओळखलं. त्यांचं निदान असं, की काँग्रेसवाले खुर्चीला चिकटलेत आणि माणसांपासून तुटलेत. उपाय त्यांनीच सुचवला. ज्येष्ठांनी पदं सोडावीत आणि पक्षाच्या कामाला लागावं. हीच ती प्रसिद्ध कामराज योजना. सहा मुख्यमंत्र्यांनी आणि सहा केंद्रीय मंत्र्यांनी पदं सोडली. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, आपल्या मुंबईचे स. का. पाटील हे त्यात होते. आणि आधी स्वतः करून दाखवायचं म्हणून २ ऑक्टोबर १९६३ ला कामराज यांनीही मुख्यमंत्रिपद सोडलं.

निदान बरोबर होतं. औषध मात्र उलटलं, असं मला वाटतं. कारण ज्या माणसाला राज्यातला गावन् गाव पायाखालचा होता, नेमका तोच दिल्लीला गेला. जानेवारी १९६४ मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. मे महिन्यात नेहरू गेले, तेव्हा सगळ्यांशी बोलून त्यांनी शास्त्रीजींच्या नावावर एकमत घडवलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, तेव्हा मोरारजींविरुद्ध इंदिरा गांधींना उभं करणारे प्रमुख कामराजच होते. स्वतः पंतप्रधान व्हावं असं सुचवणारेही होते. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. हिंदी येत नाही, इंग्रजी जेमतेम, मग देश कसा चालवणार, असा त्यांचा हिशेब. देशाला दोन पंतप्रधान देणारा हा माणूस दिल्लीतल्या बैठकांत अडकला आणि तिकडे मद्रासमध्ये पायाखालची वाळू सरकत गेली. नगरपालिकेची खुर्ची वेळ देता येत नाही म्हणून सोडणारे कामराज आता अख्ख्या राज्याला वेळ देऊ शकत नव्हते. आणि राज्य तर त्यांच्याच नावावर चालत होतं.

त्यांच्यामागे मुख्यमंत्री झाले एम. भक्तवत्सलम. अनुभवी, पण करड्या शिस्तीचे. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होणार, या धास्तीनं राज्य पेटलं. विद्यार्थी रस्त्यावर आले. मदुराईत सुरू झालेली दंगल राज्यभर पसरली. काही तरुणांनी स्वतःला जाळून घेतलं. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, निमलष्करी दलं आली. सरकारी हिशेबानंच सत्तरच्या आसपास माणसं दगावली. दिल्लीत सी. सुब्रमण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या तमिळ मंत्र्यांनी राजीनामे दिले, तेव्हा कुठे शास्त्रीजींनी इंग्रजी चालू राहील अशी हमी दिली. हिंदी लादू नये असंच कामराज यांचंही मत होतं. पण पोराला पोलिसांची काठी बसलेल्या आईला पक्षाच्या अध्यक्षाचं खासगी मत काय होतं याच्याशी काय देणंघेणं?

त्यातच पाऊस रुसला. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षं देशभर दुष्काळाची. अमेरिकेचा गहू यायचा तेव्हा कुठे भागायचं. तमिळ माणसाला गहू नको, तांदूळ हवा, आणि तांदूळ मिळेना. मिळाला तर परवडेना. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि महागाईनं आणखी उचल खाल्ली. कामराज यांचा अवमूल्यनाला विरोध होता, पण त्यांनीच पंतप्रधान केलेल्या इंदिराजींनी त्यांना विचारलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये गोहत्याबंदीच्या मोर्चातल्या जमावानं दिल्लीत त्यांच्या घरावरच हल्ला केला.

द्रमुकनं प्रचारात सांगितलं, रुपयाला तीन पडी तांदूळ देऊ. पडी म्हणजे आपल्या शेर-मापट्यासारखं धान्याचं माप. जोडीला अण्णादुराईंनी मोट बांधली ती तर थक्क करणारी. एका बाजूला मार्क्सवादी, दुसऱ्या बाजूला राजाजींचा स्वतंत्र पक्ष. ज्या राजाजींच्या शिक्षण योजनेविरुद्ध द्रमुक रस्त्यावर उतरला होता, तेच राजाजी आता काँग्रेसला पाडायला द्रमुकच्या मांडवात. आणि द्रमुकवाल्यांचे जुने गुरू पेरियार मात्र कामराज यांच्या बाजूनं प्रचार करत होते. त्यात १२ जानेवारी १९६७ ला अभिनेता एम. जी. रामचंद्रन यांच्यावर सहअभिनेत्यानं गोळी झाडली. गळ्याला पट्टी बांधलेल्या एमजीआरची पोस्टर्स गावोगाव लागली.

फेब्रुवारीत निकाल लागला. २३४ पैकी द्रमुक १३७, काँग्रेस ५१. लोकसभेच्या ३९ पैकी काँग्रेसला फक्त तीन. मुख्यमंत्री भक्तवत्सलम श्रीपेरुंबुदूरला पडले. बहुतेक मंत्री पडले. आणि विरुधुनगरमध्ये, मूठभर तांदळाच्या शाळेच्या गावी, कामराज १,२८५ मतांनी हरले. त्यांना हरवणारे पी. सीनिवासन हे विशीतले विद्यार्थी नेते, हिंदीविरोधी आंदोलनातून वर आलेले.

आता जरा बारकाईनं बघू. काँग्रेसची मतं ४१ टक्के, द्रमुकची त्याहून किंचित कमी. म्हणजे एक पक्ष म्हणून सर्वाधिक मतं काँग्रेसचीच होती. पाच वर्षांत घसरण झाली ती पाच टक्क्यांची, पण सगळे विरोधक एकत्र आल्यानं जागा ८८ नी गेल्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मतदान झालं ७६ टक्क्यांहून अधिक, आधीच्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त. लोक निराश होते, भ्रमनिरास झाला होता, हे सगळं खरं. पण म्हणून ते घरी बसले नाहीत. रांगा लावून मत देऊन आले. राजकारणाचा वीट आलेला माणूस असं करत नाही. त्यांना वीट आला होता तो न ऐकणाऱ्या सरकारचा.

आणि हे मत देणारे कोण होते? त्या काळी मतदानाचं वय २१ होतं. १९६७ साली पहिल्यांदा मत देणारे १९५६ मध्ये दहा वर्षांचे किंवा त्याहून थोडे मोठे, म्हणजे शाळेत जेवणाची पंगत सुरू झाली तेव्हा पंगतीला बसायच्या वयाचे. कामराज यांच्या शाळांनी अक्षरओळख दिलेली ही पहिली मोठी पिढी. ही पोरं वर्तमानपत्र वाचत होती, पत्रकं वाचत होती, सभांना जात होती. त्यांच्या बापांना शाळा मिळाली म्हणून अप्रूप होतं. त्यांना शाळा गृहीतच होती. शिकल्यावर नोकरी कुठे, ती कुठल्या भाषेत मिळणार, आणि घरात तांदूळ का नाही, हे त्यांचे प्रश्न होते. याला कृतघ्नपणा म्हणायचं का? माझ्या मते नाही. ज्यानं पोरांना प्रश्न विचारण्याइतकं शिकवलं, त्याच्याच पक्षाला त्या प्रश्नांची उत्तरं देता आली नाहीत, एवढाच याचा अर्थ.

हा झटका एकट्या मद्रासचा नव्हता. त्या वर्षी काँग्रेसला अनेक राज्यांत सत्ता गमवावी लागली. बंगालचे अतुल्य घोष हरले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून ओळखले जाणारे स. का. पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस नावाच्या तरुण कामगार नेत्याकडून हरले. महाराष्ट्र विधानसभेत मात्र २७० पैकी २०३ जागा काँग्रेसला मिळाल्या. म्हणून तमिळनाडूत तेव्हा काय उलथापालथ झाली, याची कल्पना आपल्याकडच्या जुन्या मंडळींना फारशी आली नसावी.

हरल्यावर माणूस कसा वागतो त्यावर बरंच कळतं. पक्षातल्या काहींनी मतदारांनाच नावं ठेवली. कामराज यांनी निकाल निमूट स्वीकारला आणि पुन्हा गावोगाव फिरायला लागले. अण्णादुराईंनाही कामराज स्वतः पडले याचं वाईट वाटलं होतं, असं सांगतात. १९६९ च्या जानेवारीत नागरकोइलला लोकसभेची पोटनिवडणूक लागली. कामराज उभे राहिले आणि मोठ्या फरकानं निवडून आले. विरुधुनगरमध्ये पाडून दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच वर्षी काँग्रेस फुटली. इंदिराजींना पंतप्रधान करणारे कामराज त्यांच्या विरोधातल्या गटात गेले. १९७१ साली इंदिराजींनी राज्यात द्रमुकशी हातमिळवणी केली, विधानसभा पूर्णपणे द्रमुकला सोडून दिली. कामराज यांच्या पक्षाला १५ जागा मिळाल्या. ते स्वतः मात्र नागरकोइलमधून पुन्हा लोकसभेवर गेले, राज्यातून त्यांच्या पक्षाचे एकटे खासदार.

द्रमुकचं राज्य आलं म्हणून भ्रमनिरास संपला असंही नाही. रुपयाला तीन पडीचं वचन सत्तेत आल्यावर एका पडीवर आलं, तेही मद्रास आणि कोइमतूर या शहरांपुरतं. १९६९ मध्ये अण्णादुराई गेले. १९७२ मध्ये एमजीआर पक्षातून बाहेर पडले. १९७३ च्या दिंडिगल पोटनिवडणुकीत एमजीआरच्या नव्या पक्षाचा उमेदवार पहिला आला, कामराज यांच्या पक्षाचा दुसरा आणि सत्ताधारी द्रमुकचा तिसरा. लोक द्रमुकवरही नाराज झाले होते, पण ती नाराजी घेऊन ते जुन्या घरी परतले नाहीत. त्यांनी तिसरं दार ठोठावलं. लांब सत्ता भोगलेल्या पक्षांनी हे नीट समजून घेण्यासारखं आहे. दुसरा चुकला की लोक आपोआप आपल्याकडे येतील, असं होत नाही. मधल्या काळात त्यांना नवी वाट सापडलेली असते.

आणीबाणी लागली तेव्हा कामराज थकले होते. २ ऑक्टोबर १९७५ ला, गांधी जयंतीच्या दिवशी, चेन्नईतल्या टी. नगरच्या भाड्याच्या घरात त्यांचं निधन झालं. बारा वर्षांपूर्वी याच तारखेला त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं होतं. मागे उरलं ते थोडी रोकड, काही सदरे-धोतरं आणि पुस्तकं. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं.

त्यांच्या शाळेतल्या जेवणाचं पुढे काय झालं? १९८२ साली मुख्यमंत्री एमजीआर यांनी ती योजना कितीतरी मोठी केली, आणि आज देशभरातल्या सरकारी शाळांत दुपारी जेवण मिळतं. त्यांचा वाढदिवस १५ जुलै हा तमिळनाडूच्या शाळांत शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो. तो निर्णय २००६ मध्ये घेतला करुणानिधींच्या सरकारनं, म्हणजे त्यांना पाडणाऱ्याच पक्षानं. कामराज यांच्यासारखं राज्य पुन्हा आणू, असं तिथे आजही वेगवेगळे पक्ष सांगत असतात. त्यावर लोक मान डोलावतात आणि मत द्यायचं त्यालाच देतात.

मला यातून एवढं उमगलं, की लोकांच्या मनात उपकाराची वही वेगळी असते आणि मताची वेगळी. पहिलीतलं नाव ते पिढ्यान् पिढ्या पुसत नाहीत. दुसरी दर पाच वर्षांनी कोरी करतात, आणि तिच्यात आजचा तांदूळ, आजची नोकरी आणि आज आपलं कोण ऐकतंय एवढंच मांडतात. दोन्ही वह्या एक समजणारा पक्ष पडतो, मग त्याच्याकडे कामराज यांच्यासारखा माणूस का असेना. लांबून बघताना आपल्याला निकालाचे आकडे दिसतात आणि आपण चटकन मतदाराला बोल लावतो. त्याआधी तिथल्या घरात त्या वर्षी काय शिजत होतं आणि काय शिजत नव्हतं, हे एकदा गावी फोन करून विचारलेलं बरं.